कालचे सहकारी, आजचा शिफ्ट इन्चार्ज: विश्वास नेमका कुठे बसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात काही वर्षं ऑफिसर असलेल्या एका तरुणाला एप्रिलपासून शिफ्ट इन्चार्ज केलं आहे. ज्यांच्याबरोबर डबा खायचा, तीच माणसं आता तो आला की गप्प होतात. त्याच्या वडिलांच्या वयाचे एक सीनियर ऑपरेटर आहेत, ते मान डोलावतात आणि स्वतःला पटेल तेच करतात. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुली 'हो सर'च्या पुढे जात नाहीत. मॅनेजर म्हणतात, अंतर ठेव, नाहीतर डोक्यावर बसतील. टीमचा विश्वास कसा मिळवू, एखादी पिकनिक काढू का, असं त्याने विचारलं आहे.

पिकनिक जरूर काढा. माणसं एकमेकांच्या घरच्यांना भेटतात, बरं वाटतं. पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

मी याच ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषध कारखान्यांत नोकरी केली. आधी पॅकिंगला, मग क्वालिटीत, आणि नंतरची बरीच वर्षं नव्याने इन्चार्ज झालेल्यांना तयार करण्यात. एखाद्या शिफ्टमध्ये इन्चार्जवर लोकांचा विश्वास आहे की नाही हे बघायचं असेल, तर मी एकच गोष्ट बघते. काहीतरी बिघडलं की ते इन्चार्जच्या कानावर किती वेळात येतं? दहा मिनिटांत येत असेल तर विश्वास आहे. दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या माणसाकडून कळत असेल तर नाही, मग शिफ्टमध्ये कितीही हसणं-खिदळणं चालू असो. लोक तुम्ही आल्यावर गप्प होतात याचं तुम्हाला वाईट वाटतंय, ते मला समजतं. पण गप्पा थांबल्या तर फारसं बिघडत नाही. बातम्या थांबल्या तर मात्र तुमची शिफ्ट आंधळी होते.

विश्वास म्हणजे काय याची एक मांडणी मला कायम उपयोगी पडली. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अभ्यासकांनी ती १९९५ साली केली. समोरच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवताना माणूस तीन गोष्टी पाहतो: याला काम येतं का, हा आपलं भलं बघतो का, आणि हा बोलतो तसा वागतो का. तुमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोकांना माहीत आहे. तुम्ही त्यांच्यासमोरच मशीन सेट केलंत, चेंजओव्हर केलेत, म्हणजे एक माल संपवून दुसऱ्यासाठी लाइन तयार केलीत. अडतंय ते पुढच्या दोन प्रश्नांवर, आणि त्यांची उत्तरं भाषणातून देता येत नाहीत. ती प्रसंगातून मिळतात, आणि प्रसंग रोज येतात.

तुमच्या विभागातलाच एक प्रसंग घेऊ. बॅच संपत आली आहे, रात्रीचे साडेदहा वाजले आहेत, अकराला शिफ्ट सुटणार. रिकन्सिलिएशन, म्हणजे आलेल्या आणि वापरलेल्या मालाचा हिशेब जुळवणं, चालू आहे. स्टोअर्सने मोजून दिलेले कार्टन, वापरलेले, फाटलेले, उरलेले. आकडा जुळत नाही. बॅच नंबर छापलेले तीन कार्टन सापडत नाहीत. ऑपरेटरला पक्कं माहीत आहे की सकाळी कोडिंग (कार्टनवर बॅच नंबर छापणं) सेट करताना काही कार्टन खराब झाले होते, ते फाडून टाकले आणि कदाचित नोंदवायचे राहिले. कदाचित. दुसरी शक्यता अशी की ते कार्टन कन्व्हेयरखाली कुठेतरी अडकले आहेत, आणि उद्या त्याच लाइनवर दुसऱ्या ताकदीची गोळी चालणार आहे. छापील कार्टन एका बॅचमधून दुसरीत जाणं ही पॅकिंगमधली सगळ्यात धोकादायक गोष्ट. २५० मिलिग्रॅमच्या खोक्यात ५०० ची गोळी एखाद्या रुग्णाच्या घरी पोचू शकते.

आता त्या ऑपरेटरच्या हातात पेन आहे. 'रिजेक्ट'च्या रकान्यात तीन वाढवले की आकडा जुळतो, सह्या होतात, अकराची बस मिळते. किंवा तो तुमच्याकडे येऊन म्हणू शकतो, "सर, तीन कार्टन लागत नाहीत." तो काय करेल हे त्या क्षणी ठरत नाही. मागच्या वेळी कुणीतरी तुमच्याकडे असंच काही घेऊन आलं होतं, तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं होतं, त्यावर ते ठरलेलं असतं.

ते पहिलं वाक्य फार महत्त्वाचं आहे. "कुणी केलं?" हे त्यातलं सगळ्यात महागडं वाक्य. ते ऐकलं की सगळी शिफ्ट एकदम माहिती लपवायच्या कामाला लागते. घणसोलीच्या एका प्लँटमध्ये एक इन्चार्ज होते, ते अशा वेळी नेहमी एकच विचारायचे: "कधी लक्षात आलं?" आणि उत्तर आलं की म्हणायचे, "बरं झालं आत्ताच सांगितलंस, चल बघू." मग स्वतः वाकून कन्व्हेयरखाली टॉर्च मारायचे. कार्टन सापडो न सापडो, डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काही घडल्याची नोंद, लिहिलं जायचंच, चौकशीही व्हायची. पण चूक कशी झाली, पुढे काय बदलायचं, यावर व्हायची. त्यांच्या शिफ्टमध्ये लीक टेस्ट, म्हणजे गोळ्यांची पट्टी निळ्या पाण्यात बुडवून गळती बघण्याची ठरल्या वेळची चाचणी, चुकली तर मुलगा स्वतः येऊन सांगायचा. दुसऱ्या एका शिफ्टमध्ये मी रात्री दोनची लीक टेस्ट अडीचला भरलेली पाहिली आहे. निळ्या पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत, आणि शीटवर 'पास' लिहून सही. तो मुलगा वाईट नव्हता. टेस्ट चुकली असं सांगितलं तर काय होईल याची त्याला धडकी भरली होती, आणि खोटं लिहिलं तर काय होईल याचा त्याने तेव्हा विचारच केला नव्हता.

या गोष्टीला अभ्यासाचा चांगला आधार आहे. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती. झालं उलटं. जिथे मुख्य परिचारिका ऐकून घेणारी होती, संबंध चांगले होते, तिथे चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे लोक चुका जास्त करत होते असं मानायला कारण नव्हतं. तिथे चुका सांगितल्या जात होत्या, बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी एका कारखानदारी कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास मांडला, आणि त्यातही जिथे बोलायची भीती नाही तिथली टीम शिकते आणि तिचं काम सुधारतं असं दिसलं. आपल्या व्यवसायात तर ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे, कारण तयार गोळीकडे बघून ती कशी बनली हे कळत नाही. कळतं ते कागदावरून. आणि कागद खरा आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला तुमची किती भीती वाटते यावर बरंचसं अवलंबून असतं.

इथे एक सावधगिरी बाळगा. "मला सांगा, काही होणार नाही" असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही. डेव्हिएशन क्वालिटीकडे जाणार, कधी वरपर्यंत जाणार. जेवढं हातात आहे तेवढंच बोला, आणि ते आधी बोला, प्रसंग घडण्याआधी, शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत. चूक झाली आणि लगेच सांगितली, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन आणि चौकशीत तुम्ही स्वतःहून सांगितलं हे लिहीन. खोटी नोंद केली, तर मी पाठीशी घालणार नाही, मग माणूस कितीही जवळचा असो. या दोन वाक्यांत सगळं आलं. मग या दोन्हींवर ठाम राहा. विशेषतः दुसऱ्यावर. कुणीतरी खोटी सही केलेली तुम्ही मैत्रीखातर पोटात घातलीत, तर त्याला तुमचा आधार वाटेल, पण बाकीच्या सगळ्यांना कळेल की इथे खऱ्याला किंमत नाही. मऊपणाला लोक विश्वास समजत नाहीत. कुठे मऊ, कुठे कडक, हे आधी माहीत असेल तर माणूस निर्धास्त होतो.

याच ओघात आणखी एक. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याची सही लागते, लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचचं काही लाइनवर उरलं नाही ना याची खात्री, तर दोघांनी बघायचा असतो. नवे इन्चार्ज कधीकधी संकोचतात, की मी पुन्हा मोजलं तर त्याला वाटेल माझा त्याच्यावर विश्वास नाही. संकोच सोडा. तपासणी सगळ्यांची सारखी होत असेल तर कुणालाच लागत नाही. फक्त एकाचीच होत असेल तर लागते. आणि तुमचं मोजलेलंही कुणीतरी तपासू दे, तेही सगळ्यांसमोर.

आता शब्द पाळण्याकडे येते, कारण बहुतेक नवे इन्चार्ज इथेच घसरतात. मोठी वचनं कुणी मोडत नाही, ती दिलीच जात नाहीत. मोडतात ती छोटी. "बघतो." "सांगतो तुला." "होईल रे, टेन्शन घेऊ नको." वेळ मारून नेण्याचे हे शब्द तुमच्या दृष्टीने हवेत विरतात, समोरच्याच्या मनात मात्र ती तारीख होऊन बसते. गणपतीच्या सुट्टीचंच बघा. आपल्या पट्ट्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची माणसं भरपूर, प्रत्येकाला चतुर्थीच्या आधी गावी पोचायचंय. कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं. म्हणजे तुमचं 'बघतो' त्याच्या दृष्टीने दोन महिने आधीच निरुपयोगी झालेलं असतं. त्याला 'हो' किंवा 'नाही' त्या तारखेआधी हवं आहे. 'नाही'सुद्धा चालेल, पण वेळेत.

मी इन्चार्जना सांगायचे, सणांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच काढा. कोकणवाल्यांचे गणपती, घाटावरच्यांच्या गावच्या जत्रा, ऐरोली-दिवा-गोठिवलीच्या गावकऱ्यांची पालखी, उत्तरेकडच्यांची छठ, ईद, नाताळ. मागच्या वर्षी कुणाला मिळाली, कुणाला नाही, हे लिहून भिंतीवर लावा. ज्याला मागच्या वेळी नाही मिळाली त्याचा यंदा पहिला हक्क. नियम अगदी साधा असू द्या, पण उघडा असू द्या. ज्याला सुट्टी मिळत नाही तो नाराज होतोच, तरी त्याला हे दिसतं की आपलं नाव कुणा खासमखाससाठी मागे गेलेलं नाही. आणि ज्या गोष्टीचं उत्तर लगेच देता येत नाही, तिथे 'बघतो' ऐवजी "गुरुवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगतो" म्हणा. मग गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत स्वतः त्याच्याकडे जा, उत्तर मिळालं नसेल तरी जा आणि अजून मिळालं नाही असं सांगा. हे करून बघा. महिन्याभरात फरक जाणवेल, कारण आपल्याकडे साहेब स्वतःहून परत आला हे फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं.

वाईट निर्णय सांगायची वेळ तुमच्यावर येणारच. समजा, पुढच्या महिन्यापासून ओव्हरटाइम बंद. फॅक्टरीचा ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, त्यावर कुणाचा कळव्यातल्या घराचा हप्ता चाललेला असतो, कुणाच्या मुलीच्या क्लासची फी. हे तुम्हाला वरून सांगितलं जाईल आणि तुम्ही खाली सांगायचं. इथे एक मोह होतो, "वरून आलंय, मी काय करू" म्हणायचा. त्याने तुम्ही त्या क्षणापुरते लोकांच्या बाजूचे होता. पण लोकांना दोन गोष्टी कळतात: याला वर कुणी विचारत नाही, आणि उद्या आपल्याबद्दलही हा वर असंच हात झटकून बोलेल.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास प्रत्येक इन्चार्जला माहीत असायला हवा. अमेरिकेतल्या एका कंपनीत कंत्राटं गेल्यामुळे दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कमी केला गेला. तिसऱ्यात कपात नव्हती. कपात झालेल्या एका कारखान्यात अध्यक्षांनी स्वतः दीड तास बसून कारणं सांगितली, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत कोरडी घोषणा करून विषय संपवला. कपात दोन्हीकडे सारखीच. कंपनीच्या मालाची चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे नीट समजावून सांगितलं होतं तिथे ती खूपच कमी वाढली, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथे कमी होते. लोकांनी पैसे गेल्याचं दुःख गिळलं, पण पंधरा मिनिटांत उडवून लावल्याचा अपमान त्यांना गिळता आला नाही.

म्हणून वरून असा निर्णय आला, की खाली सांगण्याआधी मॅनेजरसमोर बसा आणि तुमचे लोक विचारतील ते सगळे प्रश्न तुम्ही विचारून घ्या. किती दिवस? का? सगळ्या शिफ्टना? कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. तुम्ही विचारलं होतं हे पुढेमागे लोकांना कळतंच, प्लँटमध्ये कुठलीच केबिन पूर्ण बंद नसते. मग शिफ्टला सांगताना निर्णय 'कंपनीचा' म्हणून सांगा, कारणासकट सांगा, आणि तुम्हाला तो पटला नसेल तर तेही शांतपणे, एकदाच सांगा: मी माझं म्हणणं मांडलं, निर्णय हा झाला, आता आपण असं करणार आहोत. मॅनेजरची निंदा करू नका. निंदेतून मिळालेली जवळीक पहिल्याच वादात उडून जाते.

आता तुमच्या सीनियर ऑपरेटरबद्दल. त्यांना 'काका' म्हणत असाल तर म्हणत राहा, इन्चार्ज झालात म्हणून ते नाव सोडू नका. ते तुमचं ऐकत नाहीत, यात बऱ्याचदा एक साधं दुखणं असतं. ब्लिस्टर मशीनचं, म्हणजे गोळ्या पट्टीत बंद करणाऱ्या मशीनचं, सीलिंग बिघडायला लागलं की त्यांना आवाजावरून कळतं, आणि हे त्यांनी तुमच्या आधीच्या साहेबांनाही सांगून पाहिलेलं असतं. कुणी ऐकलेलं नसतं. त्यांच्या ज्ञानाची गरज तुम्हाला खरोखरच आहे, नुसतं त्यांचं मन राखायला नाही. पुढच्या चेंजओव्हरला टूलिंग बदलताना त्यांच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, काका, तुम्ही कुठल्या क्रमाने करता आणि का? त्यातलं काही एसओपीत (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीत) नसेल आणि बरोबर असेल, तर क्वालिटीकडे रीतसर बदल सुचवा आणि सूचना त्यांच्या नावाने जाऊ द्या. काही एसओपीच्या विरुद्ध असेल, तर ते चारचौघांत बोलू नका. चहाच्या वेळी बाजूला घ्या, 'अहो काका' म्हणूनच सांगा की हे असं चालणार नाही, आणि का चालणार नाही. पोरांसमोर वयस्क माणसाचा पाणउतारा केलात, तर त्यांचं एकट्याचं नाही, सगळ्या पोरांचं मन तुमच्यातून उठेल. इतकं करूनही ते ऐकत नसतील तर लेखी द्या. पण माझ्या पाहण्यात फार थोड्या वेळा तिथपर्यंत जावं लागलं.

कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलींची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला फार जवळची आहे. पॅकिंग हॉलमधले निम्मे-अधिक हात त्यांचे असतात. त्यांचं नाव हजेरीत ठेकेदाराकडे, ओळखपत्राचा रंग वेगळा, कुठे कुठे कॅन्टीनची रांगही वेगळी. "ए कॉन्ट्रॅक्ट, इकडे ये" अशी हाक मी कानांनी ऐकली आहे. त्या 'हो सर'च्या पुढे बोलत नाहीत, कारण बोललेली मुलगी उद्यापासून येत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. तुम्ही त्यांना कायम करू शकत नाही. तुमच्या हातात जे आहे ते करा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीचं नाव पाठ करा आणि नावानेच हाक मारा. दुसरी शिफ्ट अकराला सुटते, तेव्हा दिघा-कळव्याकडे जाणारी बस खरंच सुटते का, सगळ्या बसल्या का, हे गेटवर उभं राहून बघा. एकदोनदा नाही, सवय म्हणून. पाळीच्या दिवसांत वॉशरूमला जायला रिलिव्हर, म्हणजे तेवढा वेळ जागा सांभाळणारं माणूस, मागावा लागतो आणि तो मागायला लाज वाटते, म्हणून रिलिव्हर कुणीही न मागता दर दोन तासांनी फिरता ठेवा. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत कोण आहे, तिचा नंबर काय, हे त्यांच्या लॉकररूममध्ये लावलेलं आहे का ते एखाद्या महिला सहकाऱ्याकडून पाहून घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कॉन्ट्रॅक्टवरच्या महिलांनाही तेवढाच लागू आहे, पण अनेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि एखादी मुलगी पहिल्यांदा पट्ट्यावरची खराब स्ट्रिप दाखवेल, तेव्हा तिचं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, की हिने हे पकडलं. पुढच्या वेळी दुसरी बोलेल.

मित्रांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्याशी एकदाच, समोरासमोर बोलून टाका: मैत्री आहे तशीच राहील, पण शिफ्टमध्ये कुणाची ड्युटी, सुट्टी, अप्रेझल यावर मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि तुम्ही विचारू नका. दोन-तीन जण दुरावतील. काही महिन्यांनी त्यातले बरेचसे परत येतात. डबा एकत्र खात राहा, फक्त रोज त्याच टेबलावर नको. आणि शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल, तर तिथे कुणाची चूक टाकू नका, फोटोसकट तर मुळीच नको. हे वेगळं सांगावं लागू नये, पण मी पाहिलं आहे म्हणून सांगते.

शब्द देऊन पाळता आला नाही, असं तुमच्याकडूनही कधी होईल. तेव्हा ज्यांच्यासमोर दिला होता त्यांच्यासमोरच सांगा की हा मी दिला होता, तो पाळता आला नाही, कारण हे, आणि आता मी हे करतोय. एकेकाला कोपऱ्यात घेऊन समजावत बसू नका. चारचौघांत मोडलेलं चारचौघांतच जोडायचं असतं.

आता मॅनेजरच्या 'अंतर ठेव'बद्दल. त्यांना ज्याची काळजी वाटते ती खरी आहे. लाड करून शिफ्ट बिघडलेली त्यांनी पाहिली असेल. पण अंतर कशापासून ठेवायचं हे नीट ओळखा. निर्णय घेताना मैत्रीपासून अंतर ठेवा. माणसांपासून ठेवू नका. दिवसातून एक चक्कर अशी मारा, ज्यात तुम्ही कुणालाही काही काम सांगणार नाही. मशीनशेजारी दोन मिनिटं थांबायचं, आज काय त्रास देतंय, एवढंच विचारायचं, आणि ऐकलेल्यापैकी एक तरी गोष्ट त्या आठवड्यात मार्गी लावायची. डुगडुगणारं स्टूल बदलून द्या, एसीचं थेट मानेवर येणारं तोंड फिरवून घ्या. मोठी कामं मंजुरीला वेळ घेतात, ही घेत नाहीत, आणि लोक याच गोष्टींवरून तुम्हाला ओळखतात.

हे सगळं नीट जमायला लागलं की एक गोष्ट घडेल, आणि तिची तयारी आत्ताच करून ठेवा. तुमच्या शिफ्टचे डेव्हिएशन वाढतील. जे आधी रकान्यात जुळवलं जायचं, ते आता तुमच्याकडे येईल आणि कागदावर चढेल. महिन्याच्या मीटिंगमध्ये तिन्ही शिफ्टचे आकडे शेजारी शेजारी लागतील आणि तुमची शिफ्ट सगळ्यात वाईट दिसेल. हे होण्याआधीच मॅनेजरकडे जा आणि सांगा, की पुढचे काही महिने माझ्याकडून नोंदी जास्त येतील, कारण मी लोकांना सांगायला सांगतोय. सोबत दोन-तीन नोंदी घेऊन जा, ज्या वेळेत कळल्यामुळे माल बाहेर जाण्याआधी थांबला. क्वालिटीच्या प्रमुखांनाही तेच दाखवा, बहुतेक वेळा ते तुमच्या बाजूने बोलतील. मग मीटिंगमध्ये आकडा दिसला, तरी त्या मुलांवर त्याचा राग निघणार नाही, ज्यांनी तुमच्या भरवशावर पहिल्यांदा तोंड उघडलं.